रंगारी गुरुजींची बदली

रंगारी गुरुजींना वाकडं बघवत नसे. हा त्यांचा गुण होता की दुखणं, हे मला आजही ठरवता आलेलं नाही. गावातल्या एका लग्नाला आम्ही दोघं गेलो होतो. मंगलाष्टकं सुरू झाली, लोकांनी मुठीत अक्षता धरल्या, आणि हे गृहस्थ माझ्या शेजारून उठून थेट नवरदेवापाशी गेले. त्याचं बाशिंग एका बाजूला कललं होतं. ते त्यांनी दोन्ही हातांनी सरळ केलं, पाऊलभर मागे सरून डोळे बारीक करून पाहिलं, पुन्हा किंचित डावीकडे दाबलं आणि परत येऊन बसले. भटजी म्हणायचे थांबले होते. मुलीचा मामा तोंड वासून बघत होता. गुरुजी माझ्या कानाशी लागून म्हणाले, "आता कसं लग्न लागतंय असं वाटतं."

त्यांचं खरं नाव हजेरीपटावर होतं, पण ते कुणाच्या तोंडी नव्हतं. बोटांच्या पेरांत कायम गेरू नाहीतर काजळी भरलेली असायची, म्हणून गावाने त्यांना रंगारी केलं होतं. त्यांनाही ते आवडत असावं. सत्तर सालानंतरची दोन-तीन वर्षं मी त्यांच्यासोबत काढली. राजूरच्या पुढे डोंगरात, जिथून एस.टी. तोंड फिरवून परत जायची आणि उरलेली वाट पायी चालावी लागायची, तिथे आमची चौथीपर्यंतची शाळा होती. मी बेलापूरकडचा, सपाट रानातला माणूस. चहूबाजूंनी डोंगर आणि मध्ये शाळा, हे बघूनच माझा जीव घाबरा व्हायचा. तिथे सूर्यसुद्धा उशिरा यायचा आणि लवकर निघून जायचा. गुरुजी आणि मी एकाच खोलीत राहायचो. मी कुरकुर केली की ते म्हणत, "सवय होते." मग जरा थांबून, "म्हणजे होत नाही. पण माणूस बोलायचा बंद होतो."

ते मूळ भिंगारचे. वडील तिथे लष्करी खात्यात कारकून होते. वहिनी, म्हणजे गुरुजींच्या पत्नी, भिंगारलाच एका शाळेत शिकवायच्या. ती शाळा जिल्हा परिषदेची नव्हती, त्यामुळे वहिनींना बदली घेऊन इकडे येता येत नव्हतं. घरात अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई होत्या आणि छबी नावाची लहान मुलगी. म्हणजे वहिनी तिथून हलू शकत नव्हत्या आणि गुरुजींना इथून कुणी हलवत नव्हतं. त्यांचा संसार दिवाळीत आणि मे महिन्यात व्हायचा. गुरुजी दर उन्हाळ्यात नगरजवळची कुठलीही शाळा मिळावी म्हणून अर्ज करायचे आणि अर्ज फेटाळला गेल्याची बातमी ऐकायचे.

आता त्यांच्या शिकवण्याबद्दल सांगतो, कारण सगळी भानगड तिथूनच सुरू होते. वेळापत्रकात चित्रकलेचा तास शनिवारी शेवटचा होता. म्हणजे पोरांचं लक्ष घराकडे आणि मास्तरांचं घड्याळाकडे. बाकीच्या शाळांत त्या तासाला फळ्यावर आंबा काढत आणि पोरं पाटीवर आंबा काढत. रंगारी गुरुजी पहिले काही महिने पोरांना पेन्सिलीला हातच लावू देत नसत. शाळेपुढच्या सारवलेल्या अंगणात ते खडूने मोठा चौकोन आखायचे आणि पोरांना सांगायचे, हिरड्याची पानं आणा, खडे आणा, भाताच्या लोंब्या आणा, आणि यात मांडा.

"पानं बघू नका," ते सांगायचे. "पानांच्या मधली जागा बघा."

"गुर्जी, मधी तर कायबी न्हाई," कुणीतरी म्हणायचंच.

"तेच बघायचं. वाटणी सगळ्यांना बरोबर आली पाहिजे. नाहीतर तुमच्या बापांची बांधावर होतात तशी पानांची भांडणं होतात." पोरं खो खो हसायची, कारण त्या गावात ज्याचं बांधावरून भांडण नाही असं एकही घर नव्हतं. पण हसता हसता त्यांचे हात पानं सरकवत राहायचे. दिवाळीपर्यंत दुसरीतली पोरगी सुद्धा चौकोन बघून सांगायची की ही कोपऱ्यातली लोंबी उगाच आलीय. मग कुठे गुरुजी त्यांना रंगाकडे नेत. गेरू, चुना, काजळी, नीळ, आणि शिंदीची काडी दाताने चावून केलेले ब्रश. हे सगळं एका कपाटात असायचं. त्या कपाटाला कुलूप नव्हतं, आणि पोरांनी केव्हाही यावं आणि घ्यावं, सुट्टीच्या दिवशीसुद्धा, अशी मुभा होती.

त्यांची दुसरी पद्धत 'लांबच्या'ची. एक मूल भिंतीवर किंवा फळ्यावर काही काढत असलं की दुसऱ्याने लांब उंबराखाली जाऊन उभं राहायचं. तो लांबचा. काढणाऱ्याला आपलं वाकडं दिसत नाही, लांबच्याला दिसतं. दिसलं की त्याने नुसतं ओरडायचं नाही, चालत यायचं, ब्रश घ्यायचा आणि नीट करायचं. विचारायचं नाही, माफी मागायची नाही. आणि काढणाऱ्याने रागवायचं नाही. "वाकडं दिसलं आणि गप्प बसलात तर ते तुमचंही वाकडं," असं गुरुजी म्हणायचे. हा नियम त्यांना स्वतःलाही होता. चौथीत हौसा नावाची एक पोरगी होती, अंगाने काडी, पण नजर घारीची. एकदा ती उंबराखालून आली आणि म्हणाली, "गुर्जी, तुमचा श लंगडतोय." गुरुजींनी मुकाट्याने ब्रश तिच्या हातात दिला आणि ते स्वतः उंबराखाली जाऊन उभे राहिले.

या नियमाचा खरा त्रास मला झाला. माझं अक्षर म्हणजे पावसात सापडलेल्या मुंग्या. मी गणित शिकवत असायचो आणि मागून आवाज यायचा, "धाकलं गुर्जी, तुमचा पाच पडतोय." मी दरडावेपर्यंत एखादं पोर फळ्यापाशी येऊन माझा पाच उभा करून गेलेलं असायचं. मी खोलीवर येऊन तणतणायचो की हे काय, तुम्ही पोरांना मास्तरच्या डोक्यावर बसवलंय. गुरुजी भाकरी थापता थापता म्हणायचे, "डोक्यावर नाही हो. फळ्यावर." आणि मला सांगायला हरकत नाही, त्या पोरांचं माझ्यावर प्रेम होतं. अक्षर वाईट असलेला मास्तर त्यांना आपल्यातलाच वाटायचा.

गुरुजींच्या बदलीचं घोडं अडलं होतं ते त्यांच्या हातातल्या कलेपायीच. तालुक्याच्या साहेबांना केव्हातरी कळलं की डोंगरातल्या शाळेत एक मास्तर आहे, त्याचं अक्षर छापल्यासारखं आहे. झालं. कुठे उद्घाटन असो, कुठे शिबिर असो, दुष्काळी कामांचा फलक असो की कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण, गुरुजींना निरोप यायचा. तालुक्यातल्या निम्म्या भिंती त्यांनी रंगवल्या असतील. प्रत्येक वेळी सत्कार व्हायचा. त्यांच्या ट्रंकेत शाली साचल्या होत्या. थंडीत मीच त्यातल्या दोन पांघरायचो. आणि उन्हाळ्यात अर्ज गेला की साहेब प्रेमाने म्हणायचे, "गुरुजी, तुम्ही गेलात तर तालुक्याचं कसं व्हायचं?" मला त्या साहेबाचा फार राग यायचा. गुरुजींना येत नसे, याचाही राग यायचा. भला माणूस अडकवायचा तर त्याचं कौतुक करावं, हे मी तिथे शिकलो.

दिवाळीत एकदा ते मला भिंगारला घेऊन गेले. छबी दारात खडूने काहीतरी काढत बसली होती. बापाला बघून ती हसली, पळत आली, गळ्यात पडली, सगळं झालं. मग गुरुजी तिच्या चित्रापाशी उकिडवे बसले आणि म्हणाले, "घराला जरा जागा दे की श्वास घ्यायला." त्यांनी बोटाने एक रेघ पुसली, दुसरी काढली. छबीने खडू खिशात टाकला. संध्याकाळी मी तिला म्हटलं, काय गं, चित्र पूर्ण नाही केलंस? ती अगदी सहज म्हणाली, "बाबा गेले की काढीन." गुरुजी तिथेच खाटेवर बसले होते. त्यांनी ऐकलं. ते उठून बाहेर गेले आणि बराच वेळ भिंगारच्या बाजारात फिरत राहिले.

वहिनी त्यांच्यासमोरच मला म्हणाल्या. त्या फटकळ होत्या, पण त्यांच्या बोलण्यात विष नव्हतं. "भावजी, माणसाला सवत असते ती निदान दिसते तरी. माझी सवत म्हणजे यांचं अक्षर. माझ्याहून देखणी आहे, ते कबूल. पण एकदा, फक्त एकदा, वाईट काढून दाखवा म्हणावं. साहेब आपणहून म्हणतील, न्या हा मास्तर कुठे न्यायचा तिकडे."

गुरुजी हसले. पण परतीच्या एस.टी.त अकोले गेल्यावर म्हणाले, "ती म्हणते ते करून बघायला पाहिजे."

संधी माघाच्या थंडीत आली. जिल्ह्याचे मोठे साहेब शाळा बघायला येणार होते. बदल्यांवर शेवटची सही त्यांची. तालुक्याचे साहेब त्यांना मुद्दाम आमच्याच शाळेत आणणार होते, आपला हिरा दाखवायला. सोमवारी भेट. शाळेच्या दर्शनी भिंतीवर 'सुस्वागतम्', त्याखाली एक सुविचार आणि भोवती वेलबुट्टीची पट्टी, एवढं गुरुजींनी काढायचं होतं. शनिवारी पोरं घरी गेल्यावर आम्ही भिंतीपाशी आलो. आमचे हेडगुरुजी गावातच राहायचे, त्यांना बेत सांगितला होता. ते म्हणाले, "माझा चष्मा घरी राहिलाय. मला भिंत दिसत नाही," आणि खरोखरच निघून गेले.

वाईट काढणं किती अवघड असतं, ते मी त्या दुपारी पाहिलं. मी उंबराखाली लांबचा म्हणून उभा. गुरुजींनी डाव्या हाताने 'सु' काढला. मी म्हटलं, चांगला आलाय. त्यांनी चुना फिरवला, डोळे मिटून काढला. तो तर आणखी झोकदार आला. त्यांच्या कपाळावर त्या थंडीत घाम होता. "गुरुजी, मी काढतो," मी म्हणालो. त्यांनी त्यावर विचार केला आणि मान हलवली. "साहेब विचारतील, कुणी काढलं. मला खोटं बोलता येत नाही. हात माझाच पाहिजे." मग अचानक त्यांना सुचलं. "तुम्ही आत फळ्यावर लिहा. मी ते बघून काढतो."

मी लिहिलं. ते आत येऊन माझी अक्षरं बघत, बाहेर जात आणि तशीच्या तशी भिंतीवर उतरवत. वस्तुचित्र काढावं तसं त्यांनी माझं अक्षर काढलं. माझा पोटात गेलेला 'स', माझी कुठेही तुटणारी शिरोरेषा, सगळं हातभर उंचीचं करून त्यांनी शाळेच्या तोंडावर लावलं. वेलबुट्टीच्या जागी माझ्याच हातची असावी अशी गिचमिड केली. मला हसू आलं आणि लाजही वाटली. गुरुजी मात्र भिंतीकडे पाठ करून ब्रश धूत होते. "आता मी इथे थांबू शकत नाही," ते म्हणाले. "चला राजूरला. रविवार तिकडेच काढू. इथे राहिलो तर पुसून टाकीन."

आम्ही राजूरला एका ओळखीच्या मास्तरकडे राहिलो. रविवारी गुरुजी बोलत होते, तेही न विचारता. नगरजवळ कुठली शाळा मिळाली तर सायकलने जाता येईल. आईला बाहेर उन्हात बसवता येईल. छबीच्या चित्रात अजिबात हात घालणार नाही, अशी त्यांनी माझ्यासमोर शपथच घेतली. इतकी वर्षं स्वतःबद्दल गप्प असलेला माणूस असा बोलायला लागला की ऐकणाऱ्यालाच भीती वाटते. मला वाटली.

सोमवारी सकाळी वाट चढून आम्ही शाळेपाशी आलो आणि गुरुजी मध्येच थांबले. भिंतीवर 'सुस्वागतम्' होतं. सरळ, भरदार, मोकळं. सुविचाराची ओळ दोरी लावल्यासारखी. आणि भोवतीच्या पट्टीत भाताच्या लोंब्या आणि त्यांच्यामध्ये खेकडे. एकाची नांगी दुसऱ्याच्या नांगीत, दुसऱ्याची तिसऱ्याच्या, अशी खेकड्यांची रांग भिंतभर फिरून दारापाशी येऊन मिळाली होती. खेकडे गुरुजींनी कधी शिकवले नव्हते.

झालं होतं ते असं. रविवारी पोरं गुरं घेऊन शाळेवरून गेली. भिंत दिसली. त्यांनी अक्षर ओळखलं. गुरुजींनी ते इतकं हुबेहूब काढलं होतं की कुणाच्या मनात शंकाही आली नाही. हे धाकट्या गुरुजींनी काढलंय, रंगारी गुरुजी गावाला गेलेत, आणि उद्या साहेब येऊन धाकट्यांना बोलणार. कपाटाला कुलूप नव्हतंच. हौसा उंबराखाली उभी राहिली आणि बाकीच्यांनी दिवसभर खपून भिंत नवी केली. हे मला तिनेच सांगितलं. आम्हाला दारात बघून ती माझ्यापाशी आली आणि हळूच म्हणाली, "धाकलं गुर्जी, आमी समदं नीट केलंय. तुमी काढलं हुतं, त्ये आमी कोनाला सांगत न्हाई."

गुरुजी शेजारीच उभे होते. मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं. पुन्हा चुना फिरवायला वेळ नव्हता. खालून जीपचा आवाज येत होता.

मोठे साहेब भिंतीपुढे उभेच राहिले. हेडगुरुजींना एव्हाना चष्मा सापडला होता. त्यांनी छाती काढून सांगितलं की हे पोरांनी काढलंय. साहेबांना खरं वाटेना. त्यांनी दोघातिघांना फळ्यावर लिहायला लावलं. पोरांनी लिहिलं. लिहिताना एक जण आपोआप मागे जाऊन उभा राहिला, पुढे आला, दुसऱ्याची मात्रा नीट करून गेला. साहेब बघतच राहिले.

"आणि हे खेकडे कुणी शिकवले?" त्यांनी विचारलं.

"कोनी न्हाई," हौसा म्हणाली. "वढ्यात हाईत की."

साहेब मोठ्याने हसले. मग त्यांनी गुरुजींचा हात दोन्ही हातांत धरला. ते मनापासून बोलत होते, म्हणून जास्त वाईट वाटलं. "स्वतः चांगलं काढणारे खूप पाहिले, गुरुजी. पण हे वेगळं आहे. बाकीच्या शाळांचे शिक्षक मी इथे बघायला पाठवणार. तुम्ही इथून हलायचं नाही, हा माझा शब्द आहे." तालुक्याचे साहेब शेजारी उभे राहून मान डोलवत होते. आणखी एक शाल आली.

जीप गेल्यावर पोरं गुरुजींभोवती जमली. ती वाट बघत होती. कुणाचं चित्र असो, लांबून बघून ते काहीतरी सांगत, तसं आताही सांगतील म्हणून. गुरुजी उंबराखाली गेले. भिंतीकडे बघत इतका वेळ उभे राहिले की धाकटी पोरं चुळबूळ करायला लागली. मला वाटलं, हे आता एकतर रागावतील नाहीतर रडतील. ते परत आले आणि त्यांनी हौसाच्या डोक्यावर हात ठेवला. "एकही जागा वाया गेलेली नाही," ते म्हणाले. "मला असं आलं नसतं." ते खरं बोलत होते. त्यांना खोटं बोलता येतच नव्हतं. मग ते खोलीवर गेले आणि भिंतीकडे तोंड करून निजले. त्या दिवशी भाकरी मी थापल्या. त्यांनी खाल्ल्या नाहीत.

त्या उन्हाळ्यात माझी बदली झाली, न मागता. नगरजवळच्याच एका गावी. मला कुणी थांबवलं नाही, कारण मी गेल्याने तालुक्याचं काही अडणार नव्हतं. गुरुजींची सबंध नोकरी त्याच डोंगरात गेली, हेही इथेच सांगून टाकतो. छापील फलक आले, भिंती रंगवायचं संपलं, तरी त्यांना कुणी हलवलं नाही. मोठ्या साहेबांचा शब्द साहेब गेल्यावरही राहिला. आई त्यांच्या गैरहजेरीत गेली. छबीचं लग्न ठरलं तेव्हा ते रजा काढून आले. पण त्या उन्हाळ्यात, मी बदलीच्या गावी निघालो तेव्हा, ते मला पोचवायला एस.टी.पर्यंत आले होते. माझी ट्रंक त्यांनी टपावर चढवली, सरळ ठेवली आणि खाली उतरून म्हणाले, "भिंगारला जाल तेव्हा एक करा. भिंतीचं छबीच्या आईला सांगू नका."

"का? तुम्ही तर तिचं ऐकलं होतंत. तिला कळू दे की."

"तिला पोरांचा राग येईल," गुरुजी म्हणाले. "तिने ती पोरं पाहिलेली नाहीत. सांगा, वाईट काढायचं जमलंच नाही. मला सांगता येणार नाही, तुम्ही सांगा. माझा राग आला तर चालेल."

मी भिंगारला गेलो. वहिनींनी मला बसायला पाट दिला, चहाचं आधण ठेवलं आणि पाठमोऱ्याच विचारलं, "काय केलं मग त्यांनी? काढलं का वाईट?"

मी म्हणालो, "नाही वहिनी. जमलं नाही त्यांना."

चहा गाळून त्यांनी कप माझ्यापुढे ठेवला. "माहीत होतं मला," त्या म्हणाल्या. "आमच्यासाठी एक अक्षर वाकडं काढवलं नाही त्यांच्याने." त्यानंतर त्यांनी बदलीचं नाव कधी काढलं नाही, त्यांच्यापाशीही नाही आणि माझ्यापाशीही नाही.